'आजारपण काढणे' : शुश्रूषा करणाऱ्याची दिनचर्या आणि कथनात्म साहित्य

मराठीत 'आजारपण काढणे' हा वाक्प्रयोग दोन वेगळ्या व्यक्तींच्या संदर्भात वापरला जातो. 'त्याने सहा महिने आजारपण काढले' असे म्हटले की आजारी तोच असतो. 'तिने सासूचे आजारपण काढले' असे म्हटले की आजारी सासू असते आणि काढणारी सून. क्रियापद तेच राहते, केवळ एक षष्ठी विभक्ती मध्ये येते. दिवस काढणे, रात्र काढणे, कर्ज काढणे आणि गू-मूत काढणे या सर्व अर्थच्छटा त्या क्रियापदात एकत्र नांदतात. रोगी आणि शुश्रूषा करणारा यांच्यात बोलभाषेने फारसा भेद केला नाही, ही गोष्ट समीक्षकाने गंभीरपणे घ्यावी अशी आहे. कारण आपली समीक्षा तो भेद नेहमी करत आली आहे. तिने रोग्याच्या वाट्याला 'वेदना' दिली आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या वाट्याला 'त्याग'. वेदनेला शरीर असते. त्यागाला ते नसते. परिणामी दुसऱ्या व्यक्तीचे जेवण, झोप, आंघोळ, नोकरीच्या वेळा, वाचनाचा तास या गोष्टी संहितेत असूनही वाचनात येत नाहीत.

प्रस्तुत लेखात मला या दुसऱ्या व्यक्तीच्या सवयींचा विचार करावयाचा आहे. घरातील माणसाची शुश्रूषा करीत असताना तिची दिनचर्या कशी मोडते, ती कशी नव्याने रचली जाते, आणि त्या रचनेत 'स्वतःची काळजी' या नावाने ओळखली जाणारी गोष्ट कोठे आणि कोणत्या रूपात उरते, हे प्रश्न मूलतः समाजशास्त्राचे मानले जातात. माझ्या मते ते कथनाचेही प्रश्न आहेत. सवय ही पुनरावृत्त क्रिया असते, आणि पुनरावृत्त क्रियेचे काय करावयाचे ही प्रत्येक निवेदकापुढची अडचण असते. एक रात्र सांगता येते. तीनशे रात्री कशा सांगायच्या?

प्रारंभी शब्दांविषयी थोडे. शुश्रूषा हा शब्द 'श्रु' धातूच्या सन्नंत रूपापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूचे ऐकावे, ऐकता ऐकता त्याची सेवा करावी, असा त्याचा प्रवास होत होत तो रुग्णाच्या उशाशी येऊन थांबला. अर्थात त्यात कान एकाच दिशेला लागलेला आहे. शुश्रूषा करणाऱ्याचे कोणी ऐकावे अशी सोय त्या शब्दात नाही. अलीकडच्या काळात पुण्यातील मनोविकार आणि पार्किन्सन यांसंबंधी काम करणाऱ्या स्वमदत गटांनी 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' अशी शब्दांची जोडी रूढ केली. रुग्ण म्हणजे शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा आप्त म्हणजे शुभंकर. या योजनेमागची सद्भावना निर्विवाद आहे. 'रुग्ण' या शिक्क्यापासून सुटका करणे हे त्या काळी आवश्यकच होते. परंतु महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवताना या शब्दाची एक गंमत होते. हिंदीत शुभंकर म्हणजे क्रीडास्पर्धेचे बोधचिन्ह असलेला प्राणी, १९८२ च्या आशियाई स्पर्धांतला अप्पू हत्ती वगैरे. हिंदीभाषक विद्यार्थी प्रथम हसतो, आणि मग त्याच्या हसण्यातून काही तरी खरे निघते. बोधचिन्ह नेहमी हसतमुख असते, त्याला भूक लागत नाही आणि तो रात्री कोठे झोपतो हे कोणी विचारीत नाही. शुभ करणाऱ्यावर ही प्रसन्नतेची सक्ती शब्दानेच लादली आहे काय, असा प्रश्न त्यामुळे पडतो.

शब्दांच्या मागे शास्त्र आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाला चिकित्सेचा एक पूर्ण पाद मानणे हे त्या शास्त्राचे मोठेपण. त्याचे चार गुणही दिले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्यावरील अनुराग, आणि शुचिता. चारही गुण रोग्याच्या दिशेने वाहणारे आहेत. शुचिता हा एकच गुण परिचारकाच्या स्वतःच्या देहाला स्पर्श करतो, पण तोही रोग्याच्या हितासाठी. दुसरीकडे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात 'दिनचर्या' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठणे, दंतधावन, अंजन, अभ्यंग, व्यायाम, स्नान असा तो क्रम. हा ज्या माणसाला उद्देशून सांगितला आहे, तो आपल्या दिवसाचा स्वामी आहे. त्याला अभ्यंग करताना कोणी हाक मारत नाही. परिचारक आणि दिनचर्या, दोहोंचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेत 'परिचारकाची दिनचर्या' हा अध्याय मात्र लिहिला गेला नाही.

असे असले तरी वाग्भटाच्याच ग्रंथातील आणखी एक अध्याय येथे उपयोगी पडतो. 'रोगानुत्पादनीय' या चौथ्या अध्यायात, रोग उत्पन्न होऊ नयेत म्हणून जे वेग अडवू नयेत त्यांची गणना आहे. असे तेरा वेग तेथे सांगितले आहेत. त्यांत मलमूत्रादी वेग आहेत, तहान-भूक आहे, निद्रा आहे, श्रमाने लागलेला श्वास आहे आणि अश्रूही आहेत. घरातल्या शुश्रूषेची व्याख्या करावयाची झाली तर ती या यादीच्या आधारे करता येईल : शुश्रूषा करणारा म्हणजे दुसऱ्याचे वेग सांभाळताना स्वतःचे वेग अडवून धरणारा माणूस. ही व्याख्या त्यागाच्या व्याख्येपेक्षा मला अधिक उपयुक्त वाटते, कारण ती मोजता येते आणि संहितेत दाखवता येते.

आता संहितांकडे वळू. सावाको आरियोशी (१९३१–१९८४) या जपानी लेखिकेची 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. मिल्ड्रेड ताहारा यांचा 'द ट्वायलाइट इयर्स' हा इंग्रजी अनुवाद १९८४ चा, आणि माझे वाचन त्या अनुवादाचे आहे. मूळ पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९७३ मध्ये त्यावर शिरो तोयोदा यांनी चित्रपट केला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा प्रश्न जपानच्या सार्वजनिक चर्चेत आणण्याचे श्रेय या कादंबरीला दिले जाते. याच कारणाने ती बहुधा 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून वाचली गेली. मला हे वाचन अपुरे वाटते. कादंबरीचे बळ तिच्या विषयात जितके आहे, तितकेच तिच्या कालगणनेत आहे.

कादंबरीचा प्रारंभ पाहावा. शनिवारची दुपार, बर्फ पडू लागलेले. आकिको ही एका कायदाविषयक कार्यालयात टंकलेखनाचे काम करणारी विवाहित स्त्री आठवड्याची खरेदी करून घरी निघाली आहे. आठवडाभराचे सामान एकदम आणायचे, शिजवून गोठवून ठेवायचे, म्हणजे कामाच्या दिवशी संध्याकाळ मोकळी राहते, अशी तिने वर्षानुवर्षे बसवलेली घडी आहे. वाटेत तिला सासरे शिगेझो भेटतात. अंगात कोट नाही, आणि कोठे तरी निकडीने निघाल्यासारखी त्यांची चाल. घरी आल्यावर कळते की सासूबाई अंगणातल्या छोट्या घरात मरण पावल्या आहेत. अनुभवी वाचकाला येथे मृत्यू हा प्रारंभ वाटतो. परंतु आरियोशींनी प्रारंभ खरेदीच्या पिशव्यांनी केला आहे. जे मोडणार आहे ते आधी दाखवले आहे. आकिकोचे स्वातंत्र्य कोणत्याही भाषणात नाही, ते शनिवारच्या त्या व्यवस्थेत आहे. पुढची संपूर्ण कादंबरी म्हणजे त्या आठवड्याची एकेक वीट निसटत जाण्याची कथा होय.

शिगेझोंना मुलगा ओळखू येत नाही. सून आणि नातू तेवढे ओळखू येतात. सुनेला त्यांनी आयुष्यभर टोचून बोललेले आहे, आणि आता तीच त्यांच्या जगातली उरलेली खूण. ओळख हा येथे सन्मान नसून नेमणूक आहे. मुलगा नोबुतोशी वडिलांमध्ये स्वतःचे भविष्य पाहून घाबरतो आणि त्या भीतीच्या आडोशाला राहतो. रात्री वृद्ध उठतात आणि त्यांना लघवीसाठी बाहेर न्यावे लागते, म्हणून आकिको त्यांच्याशेजारी झोपू लागते. झोपेची जागा बदलणे ही एका वाक्यात येऊन जाणारी घटना आहे. दांपत्यजीवनाच्या दृष्टीने ती कादंबरीतील सर्वांत मोठी उलथापालथ ठरते, आणि लेखिका तिच्यावर भाष्य करीत नाही. पुढे नोकरीचे दिवस कमी होतात. सरकारी कल्याणविभागाकडून जे ऐकावे लागते त्याचा इत्यर्थ असा की घरातल्या बाईने घरी राहिले पाहिजे. आकिको नोकरी पूर्णपणे सोडत नाही. हा तिचा हट्ट कादंबरीने कोठेही 'स्वार्थ' म्हणून रंगवलेला नाही, तसा तो 'मुक्ती' म्हणूनही उचलून धरलेला नाही. उरलेले दिवस ती शब्दशः धरून ठेवते. दिवसा वृद्धांच्या केंद्रात नेण्याची सोय, अंगणातले छोटे घर एका विद्यार्थी जोडप्याला भाड्याने देऊन त्यांची मिळवलेली मदत, नातवाचे वेळापत्रक, या सर्वांतून ती एक नवी, तात्पुरती, ठिगळांची दिनचर्या शिवते.

मराठी वाचकाला ही गृहव्यवस्था परकी वाटणार नाही. फरक असा की आपल्याकडील कथनात्म साहित्यात ठिगळ क्वचित दाखवले जाते. रात्र दाखवली की पुढचे प्रकरण.

या ठिकाणी रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. हा ग्रंथ पतीचे चरित्र म्हणून वाचला गेला, पुढे स्त्रीशिक्षणाचा वृत्तान्त म्हणून, आणि अलीकडे पत्नीच्या दबलेल्या आत्मकथनाचा नमुना म्हणून. तो शुश्रूषेचा वृत्तान्तही आहे, विशेषतः न्यायमूर्तींच्या अखेरच्या आजाराचा भाग. १९०० च्या अखेरीस लाहोरला सामाजिक परिषदेस जाण्याचा त्यांचा बेत प्रकृतीमुळे रद्द करावा लागला आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. या दिवसांविषयी लिहिताना रमाबाईंचे गद्य एकाएकी घड्याळासारखे होते. कोणत्या वेळी काय दिले, कोण भेटून गेले, झोप लागली की नाही, हे येते. झोप लागली की नाही, हे अर्थातच न्यायमूर्तींविषयी. त्यांच्या स्वतःच्या झोपेचा उल्लेख शोधू गेल्यास तो केवळ एका अर्थाने सापडतो : पतीला झोप लागली की नाही हे ज्या व्यक्तीला प्रत्येक प्रहरी ठाऊक आहे, ती व्यक्ती जागी असली पाहिजे. जाग्रण येथे निवेदनाच्या आशयात सापडत नाही, ती निवेदनाची पूर्वअट आहे. 'स्व' इतका मागे सारूनही तो निवेदकाच्या आसनावर बसलेला असतो, आणि याला मी दबलेपण म्हणायला तयार नाही. ज्या सवयीने ही लेखिका घडली ती म्हणजे पतीला वाचून दाखविण्याची, त्याच्याकडून शिकण्याची सवय. शुश्रूषेच्या दिवसांत त्याच सवयीचे रूपांतर निरीक्षणात झाले. ग्रंथ पतीच्या मृत्यूपाशी संपतो. त्यापुढची रमाबाईंची कर्तबगारी, १९०९ मधील पुण्याचे सेवासदन आणि तेथून परिचारिकांच्या प्रशिक्षणाला मिळालेली चालना, ग्रंथाबाहेर राहते. घरातले कौशल्य सार्वजनिक व्यवसायात रूपांतरित करण्याचा तो उपक्रम होता, एवढी नोंद करून पुढे जातो.

शुश्रूषेच्या कथनात एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याला मी 'नजर हटण्याचा क्षण' असे म्हणेन. आरियोशींच्या कादंबरीत तो स्नानगृहात येतो. शिगेझो टबात आहेत, दूरध्वनी वाजतो, आकिको तो घेण्यास जाते. परतते तेव्हा वृद्ध पाण्याखाली गेलेले आहेत. ते वाचतात, न्यूमोनियातूनही उठतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटात तो रस्त्यावर येतो. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांना गाडीत बसवून थोरली मुलगी इरा कामासाठी खाली उतरते. तेवढ्यात रस्त्याने हत्ती जातो आणि ते त्याच्यामागून निघून जातात. दोन्ही ठिकाणी शुश्रूषा करणारी व्यक्ती काही चैन करावयास गेलेली नाही. एकीने दूरध्वनी घेतला आणि दुसरी गाडीतून उतरली, इतकेच. निरोगी माणसांच्या जीवनात या क्रिया 'सवय' या सदरातही मोजल्या जात नाहीत, इतक्या त्या किरकोळ. शुश्रूषेने त्यांना अपराधाची योग्यता दिली आहे.

परंतु या क्षणानंतर दोन्ही कलाकृतींचे मार्ग वेगळे होतात आणि तुलनेचे खरे कारण तेथे आहे. 'अस्तु'ची घटना एका दिवसाच्या अवधीत बांधलेली आहे. इराचा अपराधभाव, नवरा माधव आणि बहीण राही यांच्याशी तिचे संवाद, आणि दुसरीकडे माहुताच्या कुटुंबात वडिलांना मिळालेला आसरा, असे दोन प्रवाह समांतर चालतात. माहुताची कानडीभाषक बायको चन्नम्मा, जिला वृद्ध 'आई' म्हणून हाक मारतात, ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि तो सर्वस्वी योग्य होता. तरीही एक शंका राहते. चन्नम्माची माया निर्व्याज आहे, कारण ती एका दिवसाची आहे. इराची माया थकलेली आहे, कारण ती काही वर्षांची आहे. एक दिवस आणि अनेक वर्षे यांची शेजारी मांडणी केली की वर्षे हरतात. चित्रपट इराला दोषी ठरवीत नाही, हे मान्य. पण प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनात चन्नम्माचा हात उरतो, इराची झोप नाही. आरियोशींनी नजर हटण्याचा क्षण कादंबरीच्या मध्यावर नेऊन पुढे महिने ठेवले आहेत. त्या प्रसंगानंतर आकिको ठरवते की आता यांना जितके जगवता येईल तितके जगवायचे. वरवर पाहता ही त्यागाची परमावधी आहे. तपशिलात पाहता मात्र तेथून तिची दिनचर्या थोडी सैलावते. सासऱ्यांचे दुखणे आता तात्पुरते संकट राहिलेले नाही, आणि म्हणून 'हे संपल्यावर मी झोपेन' हा हिशोबही संपतो. अनिश्चित काळासाठी करावयाच्या कामात विश्रांती ही कामाचाच भाग असावी लागते, हे ती कोणाकडून ऐकत नाही. तिच्या दिवसाची रचना ते शिकते.

विमानात प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतःला लावा, मग शेजाऱ्याला, ही उपमा शुश्रूषा करणाऱ्यांना आजकाल सर्वत्र ऐकवली जाते. साहित्याच्या अभ्यासकाने उपमेची परीक्षा करावी. विमानातील तो प्रसंग काही मिनिटांचा असतो आणि मुखवटे प्रत्येक आसनावर असतात. घरात मुखवटा एकच असतो आणि प्रसंग दहा वर्षे चालतो. मिशेल फूको यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्वचिंता'विषयक खंडात ग्रीक-रोमन जगातील आत्मसंगोपनाच्या साधनेचे जे वर्णन केले आहे, तेही वाग्भटाच्या दिनचर्येप्रमाणेच अशा पुरुषाला गृहीत धरते की ज्याच्या घरी इतर कोणी राबत आहे. याउलट ऑड्रे लॉर्ड यांनी 'अ बर्स्ट ऑफ लाइट' (१९८८) मध्ये स्वतःच्या कर्करोगाच्या संदर्भात आत्मरक्षणाला जो राजकीय अर्थ दिला, त्याची पुढे बाजाराने सुगंधी मेणबत्ती करून टाकली. ही दोन टोके टाळून साहित्य काय नोंदवते?

भारतीय भाषांतील तीन कृतींचा येथे विचार करतो. शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' (१९९०) या कादंबरीत आई-वडील आणि धाकट्या बहिणी यांचा भार लहान वयात खांद्यावर घेतलेली थोरली मुलगी मनाने कोसळते. तिचे रुग्णालयात असणे हे कादंबरीचे अधिष्ठान आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी तिचे आजारपण काढत आहे. सांभाळणाऱ्याला विश्रांती मिळण्यासाठी त्याने आधी रुग्ण व्हावे लागते, हे कौटुंबिक व्यवस्थेचे क्रूर व्याकरण गोखल्यांनी नेमके पकडले आहे. रीटाच्या बरे होण्यात औषधापेक्षा मोठा वाटा आहे तो बोलण्याचा आणि आठवण्याचा, मैत्रीण सरस्वतीच्या सहवासाचा. शुश्रूषेचा मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा, येथे उलट दिशेने काम करू लागतो.

कृष्णा सोबती यांच्या 'ऐ लड़की' (१९९१) मध्ये ही दिशा आणखी गुंतागुंतीची होते. बिछान्याला खिळलेली आई बोलते, अविवाहित मुलगी ऐकते, सुझन नावाची परिचारिका ये-जा करते. आईच्या बोलण्याचा मोठा भाग मुलीच्या राहणीविषयी आहे : तिचे एकटेपण, तिचे न केलेले लग्न, तिचा स्वतःपुरता संसार. म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याच्या सवयींवर भाष्य कोणी करायचे, तर जिची शुश्रूषा चालली आहे तिने. मुलगी जवळजवळ उत्तर देत नाही. सुझनचे असणे येथे फार महत्त्वाचे आहे. देहाची कामे बऱ्याच अंशी पगारी हातांनी होतात, म्हणून मायलेकींना संवाद करण्याइतका अवकाश मिळतो. हिंदी समीक्षेने या कृतीतील स्त्रीच्या स्वत्वाची चर्चा पुष्कळ केली. परिचारिकेच्या पगाराची तितकी केलेली माझ्या वाचनात नाही. आकिकोच्या घरी सुझन असती तर आरियोशींची कादंबरी संवादांची झाली असती, असे म्हणण्याचा मोह होतो.

गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' (२०१८) मध्ये मुलगी घर सोडून गेलेली, स्वतंत्र सदनिकेत आपल्या पद्धतीने राहणारी, लिहिणारी आहे. आई तिच्याकडे राहायला येते आणि मुलीची शांतता, कामाचे तास, प्रियकराशी असलेले येणे-जाणे, एकेक गोष्ट हलू लागते. आई जसजशी हलकी, खोडकर, वयाने लहान होत जाते, तसतशी मुलगी जड आणि वडीलधारी होते. आपण ज्या घरातून पळालो त्याच घराच्या सवयी आपल्या अंगात शिरत आहेत, याचा तिला होणारा बोध हास्य आणि भय यांच्या सीमेवरचा आहे. रोझी बुआच्या येण्याने दार उघडे राहू लागते. स्वातंत्र्य म्हणजे बंद करता येणारे दार, ही मुलीची व्याख्या आईच्या दुसऱ्या तारुण्यापुढे टिकत नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकानंतर या कादंबरीची चर्चा सीमा आणि फाळणी यांभोवती फिरली. पूर्वार्धातील हा सदनिकेचा भाग मला त्याहून अधिक सीमाविषयक वाटतो.

पुरुष शुश्रूषा करतो तेव्हा काय होते, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. आर्थर क्लाइनमन हे वैद्यकीय मानवशास्त्राचे अग्रणी. त्यांची पत्नी जोन यांना अल्झायमर झाला, आणि आयुष्यभर जिने त्यांचे घर चालवले तिच्यासाठी त्यांना स्वयंपाक आणि घरकाम शिकावे लागले. 'द सोल ऑफ केअर' (२०१९) मध्ये त्यांनी हे प्रांजळपणे लिहिले आहे. त्यांच्या बाबतीत शुश्रूषा ही सवयींची भर ठरली, आकिकोच्या बाबतीत ती सवयींची वजाबाकी होती. जॉन बेली यांनी आयरिस मर्डॉक यांच्याविषयी लिहिलेले स्मरणग्रंथ (१९९८) पहाटे पलंगावर बसून, शेजारी पत्नी झोपलेली असताना टंकित केले जात असल्याचे ग्रंथातच येते. मर्डॉक हयात असताना तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्या औचित्याविषयी वाद झाला. वाद रास्त होता. पण पहाटेचा तो तास ही बेलींची उरलेली एकमेव स्वतःची सवय होती, आणि तीच त्या ग्रंथाचे उगमस्थान होय. रमाबाईंचे जाग्रण आणि बेलींची पहाट यांच्यात अंतर आहे ते टंकलेखन यंत्राचे. एकाला त्या क्षणीच लिहिता आले. दुसरीला जवळपास एक तप थांबावे लागले.

कायद्यानेही या व्यक्तीकडे उशिरा पाहिले. भारतात २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाहविषयक अधिनियमाने मुलांचे कर्तव्य निर्वाहखर्चाच्या रकमेत मोजले. वेळ मोजला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात काळजीवाहकाची व्याख्या आहे आणि तीत मोबदल्याविना काळजी घेणारे आईवडील व आप्त अंतर्भूत आहेत, ही त्या मानाने पुढची पायरी. जपानमध्ये दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा १९९७ मध्ये संमत होऊन २००० पासून अमलात आला. आकिकोने नोकरीचे दिवस मोजले त्याला तोवर पाव शतक उलटून गेले होते.

तिच्या कादंबरीचा शेवट येथे पाहणे आवश्यक आहे. शिगेझोंना पिंजऱ्यातल्या एका लहान पक्ष्याचा लळा लागलेला असतो. तो आकिकोनेच आणलेला असतो. मृत्यूनंतरचे विधी, पाहुणे, व्यवस्था हे सर्व ती नेहमीच्या दक्षतेने पार पाडते. चरकाच्या चार गुणांपैकी एकही उणा पडत नाही. सर्व आटोपल्यावर मुलगा सातोशी म्हणतो की आजोबा आणखी थोडे जगले असते तरी चालले असते. प्रारंभी ज्या मुलाने आजोबांकडे पाहून आपल्या आईवडिलांना इतके जगू नका असे बजावले होते, त्याचेच हे उद्गार. तो वर निघून जातो. आकिको पिंजरा छातीशी धरून बसलेली असते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागते. वाग्भटाच्या तेरा वेगांपैकी हा एक. समीक्षकांनी त्याला शोक म्हटले आहे, पश्चात्तापही म्हटले आहे. ते आधी शारीरिक आहे. हाक मारणारे आता कोणी नाही, आणि रात्री उठावे लागणार नाही.